लिंबू आणि निऱ्या

अप्पा,

तुम्हाला अशी हाक मी आज पहिल्यांदाच मारते आहे, तीही कागदावर. घरातले सगळे अप्पा म्हणायचे, म्हणून मनातल्या मनात मीही अप्पाच म्हणायचे. तोंडातून शब्द कधी निघाला नाही. लग्न होऊन घाटनांदूरला आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, सासऱ्यांसमोर पदर खाली येऊ द्यायचा नाही आणि आवाज वर जाऊ द्यायचा नाही. असं सगळ्याच सुनांना सांगतात. वर्षा-दोन वर्षांनी त्या विसरतात, सासरेही विसरतात. मी विसरले नाही, कारण मला ते सोयीचंच होतं. मला माणसांपुढे बोलता येत नाही. चौथीला शाळा सुटली तेव्हा माझ्या बाईंनी वडिलांना विचारलं होतं, पोरीला वाचा आहे ना?

सासूबाई होत्या तोवर आपलं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं. मी चुलीपाशी, तुम्ही पाटावर, मधे हातभर जागा. तुम्ही म्हणायचा, "तिला सांग, भाजीत मीठ लई झालंय." सासूबाई मान वळवून मला सांगायच्या, "मीठ लई झालंय म्हणत्यात." त्या गेल्या आणि मोठी पंचाईत झाली. मग तुम्ही भिंतीशी बोलू लागलात. "आज च्या न्हाई वाटतं," असं भिंतीला सांगायचा. एकदा मांजराला म्हणालात, "अंबाजोगाईला चाललोय. यायला सांज होईल, भाकरी झाकून ठेव." मांजर शेपूट वर करून निघून गेलं. भाकरी मी झाकून ठेवली.

माझ्याकडून तुम्हाला निरोप जायचा तो मधल्या दाराच्या कडीतून. एकदा वाजवली की चहा, दोनदा वाजवली की जेवण. हे कोणी ठरवलं नव्हतं. एक दिवस हातात परात होती, दार ढकलताना कडी वाजली आणि तुम्ही "आलो" म्हणालात, तेव्हापासून.

पुढे माझी लेक गिरिजा बोलायला लागली आणि घरात पुन्हा माणसांचा आवाज आला. सासूबाईंचं काम तिनं उचललं, पण त्यांच्यासारखं शब्दाला शब्द पोचवणं तिला जमायचं नाही. मधे आपलं घालायचीच. "अप्पा, आई म्हणती आंघोळ करून घ्या, अंगाला हिंगाचा वास येतोय." आंघोळीचं मी म्हटलं होतं. हिंगाचं तिचं होतं.

एक गोष्ट मला तुम्हाला सांगायची होती, ती राहून गेली. आपल्या किराणा दुकानातून घरात साखर, डाळ यायची ती कागदाच्या पुड्यांत. पुडा रिकामा झाला की मी कागद सरळ करून वाचायचे. चुलीपाशी बसून अर्धी बातमी वाचायची, उरलेली अर्धी दुसऱ्या कुठल्या पुड्यात गेलेली असायची. हे तुम्हाला कसं कळलं, मला ठाऊक नाही. एके दिवसापासून घरात येणारे पुडे अख्ख्या पानाचे येऊ लागले. पाव किलो मोहरीलासुद्धा पूर्ण पान. त्यात कधी गोष्ट असायची, कधी कुणाच्या आठवणी. ह्यांनी एकदा विचारलं, "अप्पा, एवढ्याशा मोहरीला एवढा मोठा कागद कावून?" तुम्ही म्हणालात, "फाटत न्हाई नीट." तेवढंच. आज मी जे काही लिहू शकते आहे ते चौथीच्या शाळेमुळे थोडं आणि मोहरीच्या पुड्यांमुळे जास्त. हे तुम्हाला एकदा कडी वाजवून तरी कसं सांगणार होते?

खरं तर गिरिजाच्या चाकांच्या बोर्डाचीच गोष्ट लिहायची आहे, पण तिथवर यायला मला वेळ लागतो आहे.

माझा भाऊ पुण्याला एका सोसायटीत वॉचमन आहे. तिथं कुणीतरी टाकून दिलेला स्केटबोर्ड त्यानं भाचीसाठी आणला. गिरिजा शाळेत होती. दुकानात तुम्ही होता. तुम्ही ती चाकांची फळी उलटीपालटी करून पाहिली, चाकं फिरवून पाहिली, वरचा खरखरीत कागद बोटानं घासून पाहिला आणि खूश झालात. "बनवणारा लई शाना माणूस हाय. ढेप घसरू नये म्हणून वरून खरखरीत केलंय बघ." आणि गुळाची ढेप तिच्यावर ठेवून वखारीतून दुकानापर्यंत ढकलत नेलीत. भाऊ काही बोलला नाही. तुमच्यापुढे कोण बोलणार? पुढे कितीतरी दिवस तो बोर्ड आपल्या दुकानात गूळ वाहत होता. त्याला मुंग्या लागायच्या. तुम्ही रोज संध्याकाळी फडक्यानं पुसून भिंतीला उभा करून ठेवायचा.

मग शाळेला सुट्टी लागली, मामा पुन्हा आला आणि गिरिजानं त्याच्या मोबाईलवर पाहिलं की ही गुळाची गाडी नाही. वखारीपुढे पोती उतरवायचा सिमेंटचा उतार आहे, त्याच्या पुढे कोबा केलेलं अंगण. त्या उतारावरून ती बोर्डावर उभी राहून खाली आली आणि निंबापाशी जाऊन पडली. उठली, पुन्हा वर गेली. तुम्ही पडवीत बाजेवर बसला होता. मला वाटलं आता रागवाल. तुम्ही विचारलंत, "माझ्या ढेपा आता कशावर आणायच्या गं?"

रागावलात ते फळीवरून. दुकानाला शटर बसवल्यावर दुकान बंद करायच्या जुन्या सागवानी फळ्या तुम्ही वखारीत नीट रचून ठेवल्या होत्या. गिरिजानं त्यातली एक काढली, एक टोक विटांवर ठेवलं, दुसरं कोब्यावर टेकवलं, उडी मारायला. तुम्ही बाजेवरून ओरडलात, "गिरजे! दुकानाच्या फळीवर पाय? लक्ष्मी हाय ती!"

"अप्पा, आता दुकानाला शटर हाय. लक्ष्मी शटरमधनं येती का फळीतनं?"

 मी दाराआड हसू दाबून उभी. दुपारी तुम्ही स्वतः वखारीत गेलात, फळ्या हलवल्या आणि एक बाहेर आणून तिच्यापुढे टाकलीत. "पयली नगं घेऊ, तिला नमस्कार घातलाय जलमभर. ही शेवटची घे. ही तशीबी रोज लाथ मारूनच बसवायचो मी."

तिथून पुढे तुमची दुपारची झोप गेली.

फळीवरून उडाली की बोर्ड तिच्या पायाखालून निसटायचा. ती एकीकडे, बोर्ड दुसरीकडे. ह्यांच्या मोबाईलमध्ये बघून तिनं शोधून काढलं की वर गेल्यावर गुडघे छातीशी घ्यायचे, वाकायचं आणि पायाच्या बोटांकडची बोर्डाची कड दोन पावलांच्या मधे हातानं धरायची. मग तो संगं येतो. तिनं तुम्हाला हे जमिनीवर बसून करून दाखवलं.

"काय म्हणत्यात ह्याला?"

"इंडी."

"इंडी?" तुम्ही बाजेवर सरळ बसलात. "इंडी तर कर्नाटकात हाय. लिंबाचं गाव. माझी मावशी दिलती तिकडं. इंडीचं लिंबू म्हंजे सालीला पातळ न् रसाला लई. ह्या उडीचा न् इंडीचा काय संबंध?"

गिरिजानं समजावायचा प्रयत्न केला, ते इंग्रजी नाव आहे, गावाचं नाही. तुम्हाला पटेना. इंडी गाव तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं. शेवटी ती थकली. "हाय काहीतरी संबंध, अप्पा."

"मंग सरळ लिंबूच म्हण की."

दुसऱ्या दिवसापासून तुमचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जाऊ लागला. ती उतारावरून निघाली की तुम्ही बाजेवरून ओरडायचा, "धर लिंबू! धर! धर!" समोरचा टेलर शिलाई थांबवून विचारायचा, "अप्पा, आज किती लिंबं निघाली?"

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. मला त्यात लिंबू दिसलं नाही. मला दिसायचा माझ्या माहेरचा ओढा. पाणी आलं की आम्ही बायका असंच करायचो. वाकून पायांपुढच्या निऱ्या मधोमध मुठीत धरायच्या, वर घ्यायच्या आणि दगडावरून पलीकडच्या दगडावर उडी. डोक्यावर कितीही ओझं असलं तरी तो हात निऱ्यांवरचा सुटायचा नाही. मी भाकरी थापता थापता शेजारी पीठ मळणाऱ्या गिरिजाला म्हटलं, निऱ्या धरल्यासारखं दिसतंय ते. बस. ती पिठाच्या हातानं पळाली.

"अप्पा, आई म्हणती हे लिंबू न्हाई, निऱ्या हाईत!"

"तुझ्या आईला सांग, पोरगी सलवारीत हाय. निऱ्या कुठनं आल्या?"

"आई म्हणती, मंग लिंबू तरी कुठं हाय?"

हे मी म्हटलं नव्हतं. पण मनात अगदी हेच होतं.

तुम्ही तेव्हा मोठ्यानं हसलात आणि म्हणालात, "तुझी आई लई बोलती." मला कुणी असं म्हटलेलं ते पहिलंच. मी पुढची भाकरी करपवली.

मग आपलं भांडणच लागलं. नावावरून लागलं ते लागलंच, पुढे धरायचं की सोडायचं यावरून लागलं. तुम्ही म्हणायचा, एकदा धरलं की सोडायचं नाही. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायचा तेव्हा तुमची बोटं कशी वळलेली असायची, ते मी चहा ठेवताना बघितलं आहे. तुम्ही गिरिजाला तोच हात दाखवून म्हणायचा, "धरलेलं सोडत नसतेत." मी निरोप पाठवायचे, निऱ्या पलीकडच्या दगडावर पाय टेकायच्या आधी सोडाव्या लागतात, नाही तर पायात येतात आणि माणूस पाण्यात जातो. तुम्ही उलटा निरोप धाडायचा, "आईला म्हणावं, आधीच सोडल्या तर भिजत्यात."

गिरिजा एकदा वैतागून अंगणाच्या मधोमध उभी राहिली. "दोघंबी गप बसा जरा. धरायचं बी हाय, सोडायचं बी हाय. मला फकस्त कधी ते कळंना."

तुम्ही इकडे गप्प, मी तिकडे गप्प. अप्पा, ते आपलं भांडण तसंच राहिलं.

ती पडली तो दिवस मला सगळा आठवत नाही. वर गेली होती, कड हाताला लागली असं वाटलं आणि भीतीनं तिनं दोन्ही हात पसरले. डाव्या मनगटावर आली. दुकान तसंच उघडं टाकून हे धावत आले. तिला मधे घेऊन आम्ही मोटारसायकलवर अंबाजोगाईला गेलो. रस्ताभर ह्यांचे खांदे थरथरत होते, ते मला मागून दिसत होतं. लोकांना ह्यांचा राग दिसतो. मी तो थरकाप बघितला आहे. म्हणून प्लास्टर घालून घरी आल्यावर हे ओरडले तेव्हा मला राग आला नाही.

"बास झालं. ही चाकांची फळी उद्या बंबात घालतो. पोरगी वयात आली, हात वाकडा ऱ्हायला तर जलमभर ऐकून घ्यायचं तिनं."

"हात सोडला म्हणून मोडला," तुम्ही म्हणालात. "धरला असता तर मोडला नसता."

"अप्पा, तुमचं ते लिंबू ऱ्हाऊ द्या आता."

गिरिजा प्लास्टरचा हात पोटाशी घेऊन रडत होती. तिला पुण्याला मामाकडे जायचं होतं. तिथं मामाच्या सोसायटीजवळ पोरापोरींसाठी असल्या उड्यांचं खरं मैदान आहे, शिकवणारी एक ताई आहे. मोबाईलवर त्या ताईशी ती बोललीही होती. पुढची सुट्टी लागली की जायचं, हे तिच्या मनानं घेतलं होतं. आता सगळंच गेलं असं तिला वाटलं.

 मग तुम्ही ह्यांना म्हणालात, "हे बघ. हात बरा होऊ दे. मंग माझ्या म्होरं तिनं एकदा धरून नीट उतरायचं. उतरली तर तिला मामाकडं जाऊ द्यायचं, कुणी आडवं यायचं न्हाई. न्हाई उतरली तर मी सोता ती फळी बंबात घालीन. दुकानदाराची जबान हाय."

ह्यांनी मान डोलावली. तुमची जबान ह्या गावात काय आहे, ते ह्यांना माहीत. गिरिजानंही डोलावली. मला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं?

प्लास्टर निघालं. ती पुन्हा उतारावर जाऊ लागली. तुमच्या डोळ्यांतला मोतीबिंदू तोवर पिकला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की तुम्ही दिवाळीनंतर म्हणायचा. बाजेवरून तुम्हाला पोरगी म्हणजे नुसती हलणारी सावली दिसत असणार, पण ओरडणं थांबलं नाही. चाकांचा आवाज फळीपाशी आला की "धर लिंबू!" ती धरायची नाही. शेवटच्या क्षणी हात मागे यायचा. तुम्ही म्हणायचा, "ऱ्हाऊ दे, उद्या."

तो दिवस मात्र मला सगळा आठवतो. हे मालासाठी लातूरला गेले होते. जेवणं झाली होती, दुकान दुपारचं बंद होतं. तुम्ही बाजेवर, मी मधल्या दारात धुणं घेऊन. गिरिजा उतारावरून निघाली. चाकं कोब्यावर खडखडली, मग फळीवर त्यांचा आवाज बदलला. तुम्ही ओरडलात. आणि मग अंगणात कसलाच आवाज नव्हता. ती वर होती. गुडघे छातीशी, मान खाली, उजवा हात दोन पावलांच्या मधे, आणि बोर्ड तिच्या पायांना धरून. माझ्या माहेरच्या ओढ्यावरच्या सगळ्या बायका मला तिथं दिसल्या. मग तिनं हात सोडला, पाय टेकायच्या जरासं आधी, आणि चारही चाकं एकदम कोब्यावर आली. बोर्ड तिला घेऊन निंबाखालून थेट भिंतीपर्यंत गेला.

ती भिंतीला हात लावून आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. ओरडली नाही, नाचली नाही. तिला खरं वाटत नसावं.

तुम्ही मान तिरकी करून ऐकत होता. नेहमीसारखं तिला हाक मारून विचाराल असं मला वाटलं. तुम्ही माझ्याकडे तोंड वळवलंत.

"सूनबाई, धरल्या का निऱ्या पोरीनं?"

अप्पा, इतक्या वर्षांत तुम्ही मला सरळ विचारलेली ही एकच गोष्ट. मधे सासूबाई नाही, मांजर नाही, भिंत नाही. आणि लिंबू नाही म्हणालात. निऱ्या म्हणालात.

मी मान हलवली. मग लक्षात आलं, तुम्हाला दिसत नाही. हो म्हणायचं होतं. एवढासा शब्द. निघाला नाही. तुम्ही वाट बघत होता आणि माझा हात आपोआप कडीवर गेला. मी कडी वाजवली. एकदा म्हणजे चहा झाला असता, दोनदा म्हणजे जेवण, म्हणून मी वाजवतच राहिले.

तुम्ही हसायला लागलात. "कळलं, कळलं. कडी तुटंल." मग म्हणालात, "जाऊ दे तिला मामाकडं. जबान म्हंजे जबान. रातच्याला पोरगा आला की सांगतो त्याला."

पण हे आले तोवर तुम्हाला झोप लागली होती. सकाळी उठलात तेव्हा तोंड एका बाजूला गेलं होतं आणि बोलणं बंद झालं होतं. अंबाजोगाईला नेलं, परत आणलं. त्या दिवसांत आपण दोघं सारखेच झालो. मी पेज भरवायचे, तुम्ही माझ्याकडे बघायचा, काहीतरी सांगायचं असायचं, आणि मला ते कळायचं. घरातल्या कुणापेक्षा जास्त मला कळायचं, कारण शब्द घशाशी येऊन थांबतो म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी पेज आणायच्या आधी दारातून कडी वाजवायचे, एकदा. तुम्ही बरी असलेली बोटं पांघरुणावर आपटायचा. आलो.

गेलात तेव्हा आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे तुम्हाला बसवलं. स्वामींनी कपाळभर विभूती लावली, बेलाची माळ घातली, मांडी घालून गुडघे नीट केले. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवलं आणि एक एक बोट मिटवलं. बायका रडत होत्या. गिरिजा माझ्याजवळ उभी होती. ती कानाशी येऊन म्हणाली, "आई, अप्पांनी धरलंय बघ."

मी बघितलं. मान जराशी खाली, हात मिटलेला. मला त्या क्षणी रडू आलं नाही. इतकंच वाटलं की तुमचं खरं होतं. आणि तुम्हाला बाहेर नेलं आणि मागं मला हातातली दाराची चौकट सोडवेना, तेव्हा वाटलं, सोडावंही लागतंच, माझंही खरं होतं.

तुम्ही गेल्यानंतरच्या गणाराधनेच्या दिवशी जेवणं उरकल्यावर पुरुष माणसं पडवीत बसली होती. तुमची बाज रिकामी होती, तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. गिरिजानं पाणी देता देता ह्यांना विचारलं, मामाकडे कधी जाऊ.

"कुठं?"

"अप्पांनी सांगितलंय जायला. मी धरलं त्यांच्या म्होरं. तुमी लातूरला गेलतात तवा."

ह्यांचा चेहरा बदलला. "गिरजे, अप्पांच्या नावावर काही सांगू नगं. अप्पांना बाजेवरून पोरगी का बकरी ते दिसत नव्हतं."

"आईनं बघितलं. आईला इचारा."

"आईला!" ह्यांचे चुलते हसले. "तुझ्या आईला इचारून उत्तर यायला पुढली गणाराधना यायची."

सगळे हसले. वाईट हेतूनं नाही. पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मधल्या दारात होते. गिरिजा माझ्याकडे अशी बघत होती, जशी फळीपाशी येताना तुमच्या आवाजाची वाट बघायची. अप्पा, तुम्हाला माहीत होतं ना, मी बोलत नाही? मग तुमची जबान माझ्याजवळ कशी काय ठेवून गेलात?

मी कडीला धरून उभी होते. पदर दातांत होता, तो काढला.

"धरलं तिनं," मी म्हणाले. "नीट उतरली. अप्पांनी जाऊ दे म्हणलंय."

आवाज माझा मलाच परका वाटला. 

"कुणाला म्हणले?" ह्यांनी विचारलं.

"मला."

"तुला? अप्पा तुझ्याशी बोलले?"

खरं होतं त्यांचं. मी पोरीसाठी रचून सांगते आहे असं कुणालाही वाटलं असतं.  मग मला जे आठवत होतं तेच मी सांगितलं, जसं होतं तसं.

"म्हणले, सूनबाई, धरल्या का निऱ्या पोरीनं."

"निऱ्या?" हे पुढे वाकले. "अप्पा निऱ्या म्हणले? लिंबू न्हाई?"

"न्हाई. निऱ्या."

ह्यांनी तोंडावर हात ठेवला. हसू आलं असं मला वाटलं, पण ते हसू नव्हतं. मग चुलत्यांकडे बघून म्हणाले, "काका, हे रचून सांगता येत न्हाई. रचलं असतं तर ती लिंबूच म्हणली असती." आणि गिरिजाला म्हणाले, "सुट्टी लागली की मी सोता पोचवतो."

तिची पिशवी आता भरून झाली आहे. पण तुम्ही गेल्यापासून तिनं बोर्डाला हात लावला नव्हता. आज सकाळी तिनं शेवटची फळी काढली, विटा लावल्या. उतारावरून निघाली आणि फळीपाशी येऊन थांबली. पुन्हा वर गेली, पुन्हा तिथंच पाय टेकला. दर वेळी रिकाम्या बाजेकडे बघत होती. मी मधल्या दारातून बघत होते. तिला काय कमी पडतंय ते मला कळत होतं. माझा हात कडीवर गेला होता.

ती पुन्हा निघाली. चाकं खडखडली. मी कडी सोडली.

"धर लिंबू!"

हो, अप्पा, लिंबूच म्हणाले मी. ओरडले. समोरचं शिलाई मशीन थांबलं. हे दुकानातून डाळीचं माप हातात घेऊन धावत आले आणि विचारू लागले, "कोण वरडलं? कोण वरडलं?"

अंगणात पुन्हा तो आवाज नसलेला क्षण होता. मग चारही चाकं एकदम कोब्यावर आली.